पिशवीबाहेरचं रक्त

यंदा गणपतीत रामबागेतल्या मंडळाच्या रक्तदान शिबिरात गेलो होतो. मुठीत स्पंजचा चेंडू, बाजूला छोट्या यंत्रावर डुलणारी पिशवी. ती डुलवावी लागते, नाहीतर आतलं द्रावण रक्तात नीट मिसळत नाही आणि गुठळ्या होतात. शेजारच्या पलंगावर महूचे एक काका होते, लष्कराच्या मेडिकल कोअरमधून निवृत्त झालेले. पिशवीकडे बघून म्हणाले, "हिची ऐट बघा! हिला फ्रिज पाहिजे, गाडी पाहिजे. आमच्या चौकीवर चहाला आधी बर्फ वितळवावा लागायचा."

काकांचं दुखणं खरं आहे. लाल पेशींना २ ते ६ अंशांचा गारवा लागतो आणि साध्या पिशवीत त्या ३५ दिवस टिकतात. त्याहून गारठून गोठल्या तर फुटतात. प्लेटलेट्सचे नखरे आणखी वेगळे: खोलीच्या तापमानात, सतत हलवत, जेमतेम ५ दिवस. आणि जखमी जवानाला घाई असते. इराक-अफगाणिस्तानात २००१ ते २०११ दरम्यान रुग्णालयात पोचण्याआधीच गेलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी जे वाचण्यासारखे होते, त्यांतले दहापैकी नऊ रक्तस्रावाने गेले. नुसतं सलाइन लावलं तर रक्तवाहिन्या भरतात, पण त्यात ना प्राणवायू, ना गुठळी धरणारी प्रथिनं. उलट उरलंसुरलं रक्तही पातळ होतं.

मग सरळ हिमोग्लोबिनच काढून का देऊ नये? प्राणवायू तेच तर वाहतं. शिवाय ए-बी-ओ रक्तगटाच्या खुणा पेशीच्या आवरणावर असतात. आवरण गेलं की गट जुळवायची कटकटच संपली. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधलेल्या 'बॉम्बे' गटाच्या माणसांना 'ओ'सुद्धा चालत नाही, त्यांचीही सोय झाली असती.

कल्पना इतकी सुटसुटीत की फसायलाच हवी होती. पेशीबाहेर आलेल्या हिमोग्लोबिनच्या रेणूचे दोन तुकडे होतात आणि ते मूत्रपिंडात शिरून त्याची नासधूस करतात. रेणू एकमेकांना जोडून तुटणं थांबवलं, तरी दुसरी खोडी उरते. रक्तवाहिन्यांच्या भिंती नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करून स्वतःला सैल ठेवतात. मोकळं हिमोग्लोबिन तो वायू गट्ट करतं. वाहिन्या आवळतात, दाब चढतो, हृदयावर ताण येतो. २००८ मध्ये अशा पाच उत्पादनांच्या १६ चाचण्या, म्हणजे ३,७११ रुग्ण, एकत्र तपासले गेले. हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे २.७ पट आणि मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी जास्त निघाला. गाईच्या रक्तापासून केलेल्या एका उत्पादनाला दक्षिण आफ्रिकेने २००१ मध्ये परवानगी दिली होती. बाकी बहुतेकांचे गाडे अडले.

थोडक्यात, आपण ज्याला नुसतं वेष्टण समजत होतो ते पेशीचं आवरणच निम्मं काम करत होतं. हिमोग्लोबिनने प्राणवायू कुठे सोडायचा हे ठरवणारं रसायनसुद्धा पेशीच्या आतच असतं. म्हणून आता मेरीलँड विद्यापीठातली मंडळी 'एरिथ्रोमर' नावाची कृत्रिम पेशी बनवताहेत: हिमोग्लोबिन पुन्हा एका सूक्ष्म पिशवीत, आणि ती पिशवी वाळवून भुकटी. ऐनवेळी पाणी घालायचं. तिच्या जोडीला प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) आणि प्लेटलेट्सचं काम करणारे घटक जोडण्यासाठी अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'डार्पा'ने २०२३ मध्ये ४ कोटी ६० लाख डॉलर्सचा प्रकल्प दिला.

कृत्रिम रक्ताच्या शोधात फ्लोरोकार्बन द्रवांचीही एक शाखा आहे; त्यांत प्राणवायू भरपूर विरघळतो. १९६६ मध्ये अशा द्रवात बुडवलेला उंदीर त्यातच श्वास घेत जगला होता. पण रक्तात ते वापरायचे तर रुग्णाला नाकातून भरपूर प्राणवायू द्यावा लागतो, म्हणजे सिलिंडर आलाच. चौकीवर तो कोण वाहणार?

आज रणांगणात खरोखर चालतात त्या गोष्टी कमी चमकदार आहेत. फ्रेंच सैन्य १९९४ पासून वाळवलेला प्लाझ्मा वापरतं. भुकटीत पाणी घातलं की काही मिनिटांत तयार. ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड हे दुसरं, मासिक पाळीत फार रक्तस्राव होत असेल तर आपल्या डॉक्टरीणबाई लिहून देतात तेच औषध. जखम झाल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर ते जीव वाचवतं.

आणि तिसरी गोष्ट काकांनी सांगितली, बिस्किटाचा पुडा फोडता फोडता. रक्ताची पिशवी पोचत नाही तिथे तुकडीतले गट जुळणारे जवानच आडवे होतात. "सदतीस अंशाचा फ्रिज," ते म्हणाले, "आणि चालत येतो."