कडुनिंबाचा पाला आणि काचेची नळी

साप चावला की कडुनिंबाचा पाला चघळायला द्यायचा. कडू लागला नाही तर विष चढलं, असं येऊर-आरेच्या जंगलातल्या वाटा तुडवणाऱ्या शिकल्यासवरल्या मंडळींकडूनही ऐकू येतं. जिभेच्या चवीवरून विष कळत नाही. कळतं ते काचेच्या साध्या नळीवरून, तेही दवाखान्यात.

घोणस घ्या. अंगावर साखळीसारखे तपकिरी ठिपके, डिवचली की कुकरसारखा फुत्कार. अजगराचं पिल्लू समजून लोक हिला हात लावतात. आपलं रक्त गोठतं ते साखळीने: रक्तातल्या क्रमांक दिलेल्या घटकांपैकी एक पुढच्याला जागा करतो. घोणशीच्या विषातली विकरं (एन्झाइम) ही सुरुवात गाळून थेट दहाव्या आणि पाचव्या घटकाला उठवतात. त्यातून थ्रॉम्बिन हे विकर तयार होतं, ते रक्तातल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाचे धागे विणतं. शरीर धागे विरघळवतं, विष पुन्हा विणायला लावतं, आणि अखेर फायब्रिनोजेनच संपतं. रक्त गोठवणाऱ्या विषामुळेच रक्त गोठेनासं होतं! हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचल्या जागेतून ते झिरपत राहतं. अशा माणसाच्या जखमेवर ब्लेड चालवलं तर काय होईल, सांगायला नको.

दवाखान्यात शिरेतलं २ मिलिलीटर ताजं रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात, मग नळी एकदाच तिरपी करतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर प्रतिविष लगेच सुरू. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने बारावा घटक जागा होतो. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी निरोगी रक्तालाही विषारी ठरवू शकते. सुरुवातीला प्रतिविषाच्या ८ ते १० कुप्या सलाईनमधून देतात, मुलांनाही तेवढ्याच; साप मूल बघून विष कमी सोडत नाही. चाचणी पुन्हा ६ तासांनी, कारण प्रतिविष विषाला निकामी करतं, पण संपलेलं फायब्रिनोजेन यकृतालाच बनवावं लागतं.

नाग-मण्यारीत रक्त गोठलेलं दिसेल, तिथे पापण्या जड होतात का, श्वास मंदावतो का, हे बघतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर प्रतिविष एकच, म्हणून साप मारून आणायची गरज नाही. बांबूवरचा हिरवा चापडा मात्र यात नाही; डॉक्टरांना रंग सांगा.

वाटेत चावलाच तर माणसाला आडवं करा, चालवू नका. अंगठी, घड्याळ, पैंजण सूज यायच्या आत काढा. हाड मोडल्यावर बांधतात तशी फळी किंवा काठी सैलसर बांधा. आवळपट्टी नको, तिने रक्तपुरवठा तुटून अवयव सडतो. १०८ ला फोन करा, चाव्याची वेळ लिहून ठेवा. आणि दुखतंय म्हणून सॅकमधली ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन देऊ नका. आधीच न गोठणाऱ्या रक्तातल्या प्लेटलेटही त्या गोळ्या निकामी करतात.