शोधनिबंध बांधणीला देण्यापूर्वी : संदर्भ कसे नोंदवावेत

आमच्या अक्षरजुळणी व बांधणीच्या दुकानात बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातील विद्यार्थी आपले शोधनिबंध व लघुप्रबंध घेऊन येतात. मजकूर बहुधा तयार असतो. अडते ते संदर्भांपाशी. मांडणी आम्ही करून देतो, परंतु जो पृष्ठक्रमांक आपण टिपूनच ठेवलेला नाही, तो आम्ही कोठून आणणार? म्हणून हे पत्रक लेखनाला बसतानाच वाचावे.

दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर ते अवतरणचिन्हांत ठेवून संदर्भ द्यावा. शब्द आपले, पण मत, आकडेवारी किंवा युक्तिवाद दुसऱ्याचा असेल तरीही संदर्भ हवाच. वाक्यातील चार शब्द मागेपुढे केल्याने ते वाक्य आपले होत नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, या सर्वज्ञात गोष्टीला आधार देण्याची गरज नाही. मात्र त्या पुनर्रचनेचा सीमाभागातील शाळांवर काय परिणाम झाला, हे एखाद्या अभ्यासकाच्या लेखावरून लिहिले असेल, तर त्याचे नाव आलेच पाहिजे.

पुस्तकाचा तपशील मुखपृष्ठावरून न घेता आतील शीर्षकपृष्ठावरून व त्याच्या मागील बाजूवरून घ्यावा, कारण आवृत्ती, प्रकाशक आणि वर्ष तेथेच असते. जुन्या मराठी पुस्तकांवर पुष्कळदा फक्त शक छापलेला आढळतो. शके १८४६ मध्ये ७८ मिळवले की १९२४ येते. पण शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्याने, महिना दिलेला नसेल तर १९२४-२५ असे लिहिणे सुरक्षित. प्रकाशनस्थळ छापले असेल तसेच ठेवावे. बेळगाव शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले, म्हणून त्याआधीच्या पुस्तकावरील ‘बेळगाव’ बदलू नये.

स्थानिक इतिहासावर लिहिणारे बहुतेक जण १८८४ चा मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा (सरकारी माहितीग्रंथाचा) एकविसावा खंड, म्हणजे बेळगाव जिल्ह्याचा खंड, वापरतात, आणि तो हल्ली पीडीएफ स्वरूपात वाचला जातो. येथे एक चूक हमखास होते. पडद्यावर दिसणारा पानाचा आकडा आणि पुस्तकात छापलेला पृष्ठक्रमांक वेगळे असतात, कारण पीडीएफमध्ये मुखपृष्ठ, कोरी पाने व अनुक्रमणिकाही मोजली जाते. संदर्भात छापील क्रमांकच द्यावा. मूळ खंड न पाहता त्यातील उतारा दुसऱ्याच पुस्तकात वाचला असेल, तर तसे स्पष्ट लिहावे. न वाचलेल्या ग्रंथाचा संदर्भ परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विचारला की पंचाईत होते.

कन्नड पुस्तकातील उतारा आपण स्वतः मराठीत आणला असेल, तर तळटीपेत ‘अनुवाद प्रस्तुत लेखकाचा’ असे नमूद करावे. मराठी विश्वकोशातील नोंदींखाली बहुधा लेखकाचे नाव असते, तेव्हा नुसते ‘विश्वकोश’ न लिहिता नोंदीचे शीर्षक व तिचा लेखक द्यावा. वर्तमानपत्राच्या बाबतीत आवृत्ती, दिनांक व पृष्ठ हवे. शहापूर-वडगावच्या विणकरांची किंवा निपाणीच्या विडी कामगारांची मुलाखत घेतली असेल, तर त्यांची संमती घेऊन नाव, गाव आणि दिनांक लिहावा; नाव देऊ नका असे कोणी सांगितले, तर ते पाळावे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांप्रमाणे पदव्युत्तर व संशोधन पदवीच्या प्रबंधांत इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत सुधारून पुन्हा सादर करावे लागते आणि ६० टक्क्यांवर नोंदणीच रद्द होऊ शकते. रीतसर संदर्भासह दिलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळतात. महाविद्यालयीन प्रकल्प अहवाल या विनियमांत येत नाहीत, तरी मार्गदर्शक शिक्षक त्याच नजरेने पाहतात. टक्केवारी खाली आणण्यासाठी शब्द बदलून देण्याचे काम आम्ही घेत नाही. कृपया तशी विनंती करू नये.

मजकूर युनिकोडमध्येच (कोणत्याही संगणकावर सारखीच वाचता येणारी अक्षरप्रणाली) आणावा. जुन्या फॉन्टमधून रूपांतर करताना कधीकधी जोडाक्षरे फुटतात आणि अवतरणचिन्हे गळतात, मग कोणते शब्द कोणाचे हे आम्हालाही कळत नाही. सूची अकारविल्हे लावताना संगणक ‘क्षीरसागर’ हे आडनाव ‘क’मध्ये घालतो, आपल्या विभागाला ते शेवटी हवे असेल, तर आधी सांगावे. संदर्भ देण्याची एमएलए पद्धत, एपीए पद्धत की विभागाची स्वतःची पद्धत, हे मार्गदर्शकांना विचारून यावे, कारण एका प्रबंधात दोन पद्धती मिसळल्या की सगळी सूची पुन्हा लावावी लागते व त्याचे शुल्क वेगळे पडते. येताना वापरलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठाचे छायाचित्र मोबाईलमध्ये असू द्यावे. आपण कच्ची प्रत तपासून, प्रत्येक पानावर सही करून परत दिल्यानंतरच बांधणी सुरू होते.