उत्तर कारेलिया प्रकल्प

उत्तर कारेलिया प्रकल्प : फिनलंडच्या पूर्व सीमेवरील उत्तर कारेलिया प्रांतात १९७२ ते १९९७ या काळात राबविलेला, मुख्यतः आहारविषयक लोकशिक्षणावर आधारलेला हृद्‌रोगप्रतिबंधक उपक्रम. सात देशांत झालेल्या तुलनात्मक पाहणीत पूर्व फिनलंडमधील मध्यमवयीन पुरुषांत हृदयरोहिणी-विकाराचे (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या विकाराचे) प्रमाण सर्वाधिक आढळले होते. १९७१ मध्ये प्रांतातील लोकप्रतिनिधींनी शासनाकडे मदतीची मागणी केली आणि त्यातून प्रकल्प उभा राहिला. पेक्का पुस्का हे त्याचे संचालक होते.

दूध-लोण्यावर पोसलेल्या या मुलखात एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा संपृक्त मेदांतून (लोणी, साय, प्राण्यांची चरबी यांत मुख्यतः असणाऱ्या मेदांतून) मिळत असे. पावावर लोण्याचा जाड थर आणि जेवणासोबत साईचे दूध हा नित्याचा आहार होता. मार्था या गृहिणींच्या संघटनेने गावोगावी ‘दीर्घायुष्याच्या मेजवान्या’ भरवल्या. डुकराच्या चरबीयुक्त मांसाच्या पारंपरिक रश्श्यात मांस कमी व कंदमुळे जास्त घालून तो तेथेच शिजवून वाढला जाई. पत्रकांपेक्षा हा मार्ग अधिक परिणामकारक ठरला असावा. पुढे दुग्धव्यावसायिकांचा विरोध ओळखून काहींना बेरी-लागवडीकडे वळवण्याचा प्रयत्नही झाला.

प्रकल्पाचे श्रेय किती, हा प्रश्न मात्र वादग्रस्त आहे. ३५ ते ६४ वयोगटातील पुरुषांत या विकाराने होणारे मृत्यू पुढील चार दशकांत ८० टक्क्यांहून अधिक घटले, याविषयी दुमत नाही. परंतु तुलनेसाठी निवडलेल्या शेजारच्या कुओपिओ प्रांतातही मृत्यू घटले, तेव्हा ही देशव्यापी घसरणच होती, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. यावर, दूरचित्रवाणी व वृत्तपत्रे प्रांताची सीमा पाळत नाहीत आणि १९७७ नंतर तर उपक्रम देशभर नेण्यात आला, त्यामुळे कुओपिओ हा प्रांत अस्पर्शित राहिलाच नव्हता, असे प्रकल्पाचे समर्थक सांगतात. हा खुलासा बव्हंशी ग्राह्य वाटतो. तथापि प्रांतांच्या एकाच जोडीवरून कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध होत नाही. नंतरच्या विश्लेषणांत घटीचा मोठा भाग धूम्रपान, रक्तदाब व रक्तातील कोलेस्टेरॉल यांतील बदलांशी जोडला गेला असून त्यांत कोलेस्टेरॉलचा वाटा सर्वांत मोठा मानतात. आहारबदलाबरोबर उकळलेल्या कॉफीऐवजी गाळणीच्या कॉफीचा प्रसारही कोलेस्टेरॉल घटण्यास काही अंशी कारणीभूत असावा.