टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासता येत नाही

‘चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढा, इंजिन बंद पडलं नाही तर अल्टरनेटर ठणठणीत,’ हे अल्टरनेटरबद्दल, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज बनवून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राबद्दल, गॅरेजांत वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. साफ चूक. केबल ओढून बंद होणारं जुन्या ट्रकचं डिझेल इंजिन मेकॅनिकल डिझेल पंपावर चालतं, त्याला चालू राहायला वीज लागत नाही. अल्टरनेटर मेला तरी ते चालूच राहणार! उलट टर्मिनल निघताच व्होल्टेज उसळतं, अल्टरनेटरमधले डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग) जळू शकतात आणि खराब डायोडमधून बॅटरी रात्रभर उतरते.

24 व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 28 व्होल्ट दिसावेत. मग बॅटरी कुठून उतरते ते शोधायला सगळं बंद करून बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा, केबल आणि बॅटरीच्या मधे मल्टिमीटर अँपिअरवर लावा आणि एकेक फ्यूज काढा. मीटर जोडलेला असताना स्टार्टर अजिबात मारू नका. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला, तर पहिला संशय अल्टरनेटरवर घ्या.