घोट्याचं लिगामेंट: लेप, प्लॅस्टर, टाके आणि तोल

फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या पेठांत एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘त्याचं लिगामेंट गेलंय.’ लिगामेंट म्हणजे सांध्यातली हाडं एकमेकांना बांधून ठेवणारी चिवट पट्टी. आमच्या लहानपणी याच दुखण्याला ‘पाय मुरगळला’ म्हणत. आंबेहळदीचा गरम लेप लागायचा, वर फडकं बांधायचं आणि चार दिवसांत पोरगं पुन्हा मैदानात.

माझा पुतण्या एका तालमीच्या संघात विंगला खेळतो. गेल्या हंगामात हेडर मारून खाली येताना त्याचा पाय समोरच्याच्या बुटावर पडला आणि तळवा आत वळला. ‘कट्ट’ आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. तोच घोटा त्याआधी दोनदा मुरगळला होता आणि दोन्ही वेळा तो दहाव्या दिवशी खेळायला उतरला होता. या खेपेला ऑपरेशन करावं लागलं. एवढ्याशा मुरगळण्याला ऑपरेशन कशाला आणि मग सहा महिने थांबायचं कशाला, हे घरात समजावून सांगता सांगता मी या उपचाराच्या इतिहासात खोल शिरलो.

आधी रचना. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट असतात. त्यातलं सगळ्यात पुढचं सगळ्यात अशक्त. पंजा खाली झुकलेला असताना तळवा आत वळला की पहिला ताण त्याच्यावर येतो आणि बहुतेक वेळा तेच फाटतं. ताण वाढला तर टाचेच्या हाडाकडे जाणारं दुसरं जातं. तिसरं, मागचं, क्वचितच. आतल्या बाजूचं लिगामेंट पंख्यासारखं पसरलेलं आणि जाड असल्यामुळे सहसा टिकतं.

हे दुखणं जुनं आहे. सुश्रुतसंहितेत पाय वाकडा पडल्यामुळे घोट्याच्या जागी होणाऱ्या वेदनेला ‘वातकंटक’ असं नाव आहे. पाय आणि पोटरी जिथे जुळतात तिथे ‘गुल्फ’ हे मर्म सांगितलं आहे, आणि तिथे इजा झाली तर वेदना, पाय ताठरणं किंवा लंगडेपणा येतो असं म्हटलं आहे. ‘पाय मुरगळून काय होतंय’ म्हणणाऱ्यांनी यातला लंगडेपणाचा उल्लेख लक्षात घ्यावा.

आपल्याकडे हे ज्ञान हाडवैद्यांकडे आणि तालमीतल्या वस्तादांकडे राहिलं. त्यांच्या हातांबद्दल मला आदर आहे. निखळलेलं बोट, आखडलेली पाठ, भरलेली मांडी यांवर त्या हातांनी असंख्य पैलवानांना उभं केलं. पण ते शास्त्र तांबड्या मातीत घडलं. ताक, तेल, हळद घालून मऊ केलेल्या हौद्यात अनवाणी पाय सरकतो, थोडा रुततो. फुटबॉलच्या टणक मैदानात स्टडचा बूट जमीन धरून ठेवतो आणि वळायचं काम एकटा घोटा करतो. ताज्या फाटलेल्या लिगामेंटवर जोरात मालीश केली तर आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. पुतण्याचा पाय पहिल्या वेळी त्याच रात्री तेल लावून रगडला गेला होता. सकाळी घोट्याचं हाड दिसत नव्हतं आणि काळंनिळं बोटांपर्यंत उतरलं होतं.

पाश्चात्य वैद्यकाचा प्रवासही सरळ झालेला नाही. डच लष्करी सर्जन अँटोनियस मॅथायसन यांनी १८५२ साली प्लॅस्टरच्या पट्टीची पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढे मुरगळलेल्या घोट्यालाही प्लॅस्टर घातलं जाऊ लागलं. १८९५ साली रंटजेन यांना क्ष-किरण सापडले आणि मोडलेलं हाड दिसू लागलं. लिगामेंट मात्र एक्स-रेत दिसत नाही. ‘हाड मोडलेलं नाही, काही झालेलं नाही’ या वाक्याचा उगम तिथला, आणि या वाक्याने खेळाडूंचं जितकं नुकसान केलं तितकं क्वचित दुसऱ्या कशाने केलं असेल.

वारंवार लचकणाऱ्या घोट्यावर शस्त्रक्रिया विसाव्या शतकात सुरू झाल्या. १९३४ साली एल्म्स्ली यांनी मांडीच्या स्नायूंवरच्या पडद्याची पट्टी काढून नवं लिगामेंट बनवलं. त्यानंतर वॉटसन-जोन्स, १९५३ साली इव्हान्स, १९६९ साली क्रिसमन आणि स्नूक यांच्या पद्धती आल्या. या तिन्हींत घोट्याच्या बाहेरून जाणारा स्नायूचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), पूर्ण किंवा अर्धा, हाडातून ओवून दोरखंडासारखा वापरला जाई. घोटा घट्ट व्हायचा, कधी कधी नको इतका. शिवाय पाय आत वळू लागला की त्याला बाहेर खेचून धरणारा स्नायू तोच. लिगामेंटची जागा भरायला पायाचा पहारेकरीच खर्ची पडत होता.

इथे स्वीडनचे सर्जन लेनार्ट ब्रोस्ट्रॉम येतात. १९६० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी मुरगळलेल्या घोट्यांचा क्रमाक्रमाने अभ्यास केला. फाटलेल्या लिगामेंटची टोकं कित्येक वर्षांनीही जागेवर सापडतात आणि ती सरळ शिवता येतात, हे त्यांनी १९६६ साली दाखवलं. बाहेरून काहीच आणायला नको. १९८० साली नॅथॅनिएल गोल्ड यांनी त्यात एक भर घातली. घोट्यासमोर कंडरे दाबून धरणारी जी पट्टी असते, तिची कड ओढून शिवणीवर बसवायची. आज घोट्याच्या अस्थिरतेवर जगभर सर्वाधिक होणारी शस्त्रक्रिया हीच, फक्त हाडात धागा रोवायला आता खिळ्यासारखे बारीक अँकर असतात. छोट्या छिद्रातून सांध्यात घालायच्या दुर्बिणीसाठी घोटा फार अरुंद आहे, असं अमेरिकेतले सर्जन बर्मन यांनी १९३१ साली लिहिलं होतं. १९७२ मध्ये जपानच्या मासाकी वातानाबे यांनी घोट्याच्या दुर्बिणीचे अनुभव मांडले, आणि आता हीच दुरुस्ती कधी कधी दुर्बिणीतूनही होते.

ब्रोस्ट्रॉम यांच्याच सुमारास झालेलं, माझ्या मते सर्वांत मोठं काम मात्र ऑपरेशन थिएटरबाहेरचं आहे. १९६५ साली इंग्लंडमध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी पाहिलं, की घोटा मुरगळलेल्या माणसांना सूज उतरल्यावरही त्या पायावर तोल सांभाळता येत नाही. त्यांचं म्हणणं असं, की लिगामेंटसोबत त्यातले मज्जातंतूही तुटतात आणि पाय कुठे, कसा पडतो आहे ही खबर वेळेवर पोहोचत नाही. त्यांनी डगमगत्या फळीवर व्यायाम दिला, आणि पाय अचानक दगा देण्याची तक्रार घटली.

तरीही पुढची वीस-पंचवीस वर्षं ताज्या फाटलेल्या लिगामेंटवरही, विशेषतः युरोपात, सर्रास शस्त्रक्रिया होत राहिल्या. १९९१ साली कानुस आणि रेनस्ट्रॉम यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. ताजं लिगामेंट पूर्ण फाटलेलं असलं तरी थोडे दिवस आधार, मग लवकर हालचाल आणि व्यायाम हाच पहिला उपचार, असा निष्कर्ष त्यांनी काढला. बहुतेक घोटे चाकूविना सावरतात. नीट व्यायाम करूनही महिनोन्महिने जो पाय दगा देतो, त्याच्यासाठी ऑपरेशन.

बर्फाचीही गोष्ट अशीच. आराम, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हे चार गोष्टींचं सूत्र अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ साली रूढ केलं. २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे भरून येणं लांबू शकतं. दुखणं कमी करायला बर्फ आजही लावतात, पण ‘पाय हलवूच नको’ हा सल्ला मागे पडला. एक्स-रे कधी काढायचा यासाठी कॅनडातल्या ओटावामध्ये १९९२ साली साधा नियम तयार झाला. घोट्याच्या दोन्हींपैकी कुठल्याही हाडाच्या टोकाशी किंवा मागच्या कडेला ६ सेंटिमीटरपर्यंत दाबून दुखत असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे हवाच.

पुतण्याच्या डॉक्टरांनी टाच एका हातात धरून पाय पुढे ओढला तेव्हा घोट्यासमोर छोटी खळी पडली. दुसऱ्या पायाला ती पडली नाही. एमआरआयच्या आधीच तिथे निदान झालं होतं. ऑपरेशनला छेद जेमतेम करंगळीएवढा. दोन आठवडे स्लॅब म्हणजे अर्धं प्लॅस्टर आणि कुबड्या, मग टाके काढले. सहाव्या आठवड्यापर्यंत आधाराचा बूट घालून पायावर हळूहळू वजन. शिवलेल्या जागी आधी शरीराचा स्वतःचा कच्चा धागा तयार होतो, तो ताणाच्या दिशेने रचला जाऊन पक्का व्हायला कित्येक महिने लागतात. म्हणून तिसऱ्या महिन्यात हलकी धाव आणि चार ते सहा महिन्यांनी सामना, असा हिशोब सांगतात. बाहेरची जखम तिसऱ्या आठवड्यात भरलेली असते, आणि तीच बघून ‘आता खेळायला काय हरकत आहे’ असं संघातले, गल्लीतले, घरातलेही विचारू लागतात.

आमच्या पेठेत ऑपरेशनसाठी वर्गणी पटकन जमते. फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून तीनदा जायला मात्र ना कुणी पैसे काढून ठेवलेले असतात, ना कामावरून सुट्टी मिळते. तालमींच्या संघांनी जर्सीच्या खर्चासोबत एक डगमगती फळी आणि एका फिजिओचा हंगामभराचा पगार धरावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हा मजकूर लिहिताना पुतण्याचा चौदावा आठवडा चालू आहे. संध्याकाळी तो सोप्यात दुमडलेल्या गादीवर ऑपरेशन झालेल्या पायाने उभा राहतो, डोळे मिटतो आणि आजी मोठ्याने आकडे मोजते. पहिल्या दिवशी ती चारपर्यंत पोहोचली होती. काल सव्वीस झाले.