पिचमधल्या अटी आल्या कुठून? कलाविषयक नियतकालिकांच्या एका रीतीची पार्श्वभूमी

दृश्यकला आणि संस्कृतीला वाहिलेल्या नियतकालिकाला लेखाची कल्पना सुचवायची, म्हणजे पिच पाठवायचं, तर संपादक साधारण सारख्याच गोष्टी मागतात: दोन-अडीचशे शब्दांत मुद्दा, प्रदर्शनाच्या तारखा, चित्रं कुठून मिळतील याची माहिती, कलाकाराशी किंवा गॅलरीशी लेखकाचे संबंध आणि आधीच्या लेखनाचे दोन-तीन नमुने. नवख्या लेखकाला हे सगळं कारकुनी वाटतं. प्रत्यक्षात यातल्या बहुतेक अटींमागे जुन्या, खऱ्या अडचणी आहेत.

पॅरिसच्या लूव्रमध्ये १७३७पासून ‘सालों’ हे प्रदर्शन नियमित भरू लागलं. १७४७ साली ला फाँ द सें-येन या समीक्षकांनी आदल्या वर्षीच्या सालोंवर टीका करणारी पुस्तिका काढली, तेव्हा कलाकार चांगलेच दुखावले. १७५९मध्ये पत्रकार ग्रिम यांनी आपल्या हस्तलिखित वार्तापत्रासाठी तत्त्वज्ञ-लेखक दिदरो यांच्याकडून सालोंवर लिहून घेतलं. प्रती हातानं उतरवल्या जात आणि त्या युरोपभरच्या मोजक्या राजेरजवाड्यांकडे जात. या वाचकांसमोर चित्र नसे. त्यामुळे प्रकाश कुठून येतो, कोण कुणाकडे बघतंय, रंग कुठे फसलाय, हे सगळं शब्दांतच उभं करावं लागे.

पिचमध्ये आजही हेच कौशल्य आधी तपासलं जातं. ‘या कलाकाराच्या कामात स्मृती आणि अस्मिता यांचा शोध आहे’ हे वाक्य शंभर कलाकारांना लागू पडतं, म्हणून ते नापास होतं. ‘या शिल्पकारानं ओतकाम झाल्यावर साचे फेकले नाहीत, शिल्पं बाजूला ठेवून साचेच मांडले, असं का?’ यात एक वस्तू आहे, एक निर्णय आहे आणि लेखानं उत्तर द्यावं असा प्रश्नही आहे. विषय आणि लेख यांतलं अंतर एवढंच असतं, आणि बहुतेक पिचेस तिथेच अडखळतात.

एकोणिसाव्या शतकात वृत्तपत्रं आली आणि समीक्षेला मोठा वाचकवर्ग मिळाला. १८६६मध्ये कादंबरीकार झोला यांनी पॅरिसच्या एका दैनिकातल्या लेखमालेत चित्रकार माने यांची बाजू घेतली. वाचक इतके खवळले की मालिका अर्ध्यावर थांबली. दुसरीकडे चित्रविक्रेतेही प्रकाशनात उतरले. त्यांतल्याच द्युराँ-र्‍युएल यांनी १८६९मध्ये आणि पुन्हा १८९०मध्ये स्वतःची कलापत्रं काढली. जो चित्रं विकतो, तोच त्यांच्याविषयीचं लेखनही छापतो! हितसंबंध उघड करण्याची आजची अट अशाच गुंत्यावरचा उपाय आहे. कलाकाराच्या कॅटलॉगसाठी पैसे घेऊन लिहिलं असेल, त्याचं चित्र घरात असेल किंवा मैत्री असेल, तर ते पिचच्या पहिल्या परिच्छेदातच सांगावं. उशिरा कळलं तर तयार लेखही मागे घ्यावा लागतो.

चित्रांचा प्रश्न सगळ्यांत किचकट. हाफटोन छपाईमुळे (यात चित्र बारीक ठिपक्यांत छापतात) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्र मजकुरासोबत स्वस्तात छापता येऊ लागलं; लंडनचं ‘द स्टुडिओ’ १८९३मध्ये याच बळावर निघालं. तेव्हापासून चित्र नाही म्हणून लेख अडू लागला. पुढे कित्येक दशकं लेखक टपालानं ३५ मिलिमीटरच्या स्लाइड किंवा चार बाय पाच इंची पारदर्शिका (पारदर्शक फिल्मवरचं छायाचित्र) पाठवत. स्लाइडच्या चौकटीवर कलाकाराचं नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, मापं. आणि स्लाइड सुलटी धरल्यावर खाली डाव्या कोपऱ्यात एक ठिपका, म्हणजे ती उलटी लागू नये. आज चित्राच्या फाइलसोबत दिली जाणारी माहितीची ओळ याच चौकटीवरून आली आहे. फक्त छायाचित्रकाराचं नाव आणि हक्क कुणाचे, ही भर पडली.

मापाचा हिशेबही करून ठेवावा. छपाईला प्रतिइंच ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे आठ इंच रुंद चित्राला २४०० पिक्सेल. संकेतस्थळावरून उचललेली १२०० पिक्सेलची प्रत चार इंचांपुढे फुटते. चित्र आणि त्याचं छायाचित्र, दोन्हींचे हक्क वेगवेगळ्या व्यक्तींकडे असू शकतात, हे विसरल्यानं ऐनवेळी पानं रिकामी पडतात.

ईमेल आल्यावर पाठवणं फुकट झालं आणि गॅलऱ्यांच्या प्रेसनोटांचा पूर आला. त्याच नोटेचे शब्द फिरवून केलेलं पिच संपादक चटकन ओळखतो, कारण मूळ नोट त्याच्याकडे आधीच आलेली असते. वेळेचं गणितही माध्यमागणिक बदललं. छापील त्रैमासिकाला प्रदर्शनाच्या तीन-चार महिने आधी कळवावं लागतं, ऑनलाइन प्रकाशनाला बहुधा दोन-तीन आठवडे पुरतात. एकच कल्पना दोन प्रकाशनांना एकाच वेळी पाठवली असेल तर तसं लिहावं. होकार आला की शब्दसंख्या, मुदत, मानधन, चित्रांच्या हक्कांचा खर्च कोण देणार आणि लेख छापला गेला नाही तर किती रक्कम मिळेल, हे कामाला लागण्याआधी लेखी घ्यावं.