एआयला विचारणं वेगळं, एआयकडून कीर्तन लिहून घेणं वेगळं

आमच्या श्रीवर्धनकडे उत्सव जवळ आला की हल्ली हा वाद निघतोच, बुवांनी कीर्तनासाठी एआय वापरावं की नाही, आणि मला वाटतं भांडणारे दोघं दोन वेगळ्याच गोष्टींबद्दल बोलत असतात.

एक म्हणजे विचारणं. पूर्वरंगाचा, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्या भागाचा अभंग ठरलाय, त्यातला एखादा जुना शब्द अडला किंवा आख्यानातला प्रसंग मागेपुढे झाला तर मोबाईलवर विचारलं, त्यात वाईट काय, पूर्वी वही घेऊन मोठ्या बुवांकडे जायचेच की. फक्त पडताळून घ्या हो. मी स्वतः चॅटजीपीटीकडे क्रोधावर तुकोबांचा अभंग मागितला, लगेच आला, शेवटी 'तुका म्हणे' पण होतं, आणि मधे शब्द काय तर 'सकारात्मक'! गाथेत शोधला, नाहीच. सरकारने छापलेल्या गाथेत साडेचार हजारांवर अभंग असताना तुकोबांच्या नावावर खोटा का गायचा? समोर बसलेली आजी तो खरा समजून पाठ करते.

दुसरं म्हणजे अख्खं निरूपण लिहून घेणं आणि हे मला अजिबात पटत नाही. जर्मनीत फ्युर्थला जून २०२३ मध्ये चर्चमध्ये असं करून बघितलं, चॅटजीपीटीने लिहिलेली ४० मिनिटांची उपासना, पडद्यावर कृत्रिम चेहरे बोलत होते, तीनशेवर लोक आले, पण त्यातल्या काहींना ते कोरडं वाटलं. तिकडे तो जाहीर प्रयोग होता, लोकांना माहीत होतं. इकडे बुवांनी न सांगता तसं केलं तर ती फसवणूकच ना.

आणि कीर्तन समोरची माणसं बघून बदलतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, नवीन पोफळ धरायला पाच-सहा वर्षं जातात म्हणजे घरोघरी सुतकच होतं. नंतर कोरोनात बंद झालेली देवळं उघडल्यावर जे पहिलं कीर्तन झालं त्यात बुवांनी नमन झाल्यावर पेटीवाल्याला हातानेच थांबवलं, पुढच्या रांगेतल्या एका काकांकडे बघून विचारलं, "वाडीत किती पोफळी उभ्या आहेत?" काका म्हणाले, चौदा. ठरलेलं आख्यान राहिलं बाजूला, बुवा त्या चौदा पोफळींवरच बोलायला लागले.